घराला पथ्य

१९८३ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, शनिवारी दुपारी, लठ्ठ मुलांसाठी एक दवाखाना सुरू झाला. १९८६ साली तो बंद झाला. केसपेपरवर नाव मुलाचं असे, उपचार मात्र घरातल्या सगळ्यांवर होत. दवाखान्यात माणसं दोनच होती. बालरोगतज्ज्ञ डॉ. शैलजा मराठे आणि वैद्यकीय समाजसेवक म्हणून मी.

समाजसेवक म्हटलं की लोकांना टोपी आणि भाषण आठवतं. ही पगारी नोकरी होती. डॉक्टरांनी दिलेला सल्ला रुग्णाच्या घरी पोचल्यावर त्याचं काय होतं, ते जाऊन बघायचं आणि परत येऊन सांगायचं, एवढं काम. त्याआधी काही वर्षं मी इथल्याच एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचे मुख्य उपसंपादक बातमीतला ‘दुर्दैवानं’ हा शब्द दिसेल तिथं खोडत. म्हणत, “दुर्दैव होतं का नव्हतं ते वाचणारा बघंल. तू काय झालं ते लिही.” रुग्णालयात आल्यावर ती सवय उपयोगी पडली. अहवालात आईबापांना नावं ठेवायची नाहीत, हा डॉक्टरांचाही नियम होता.

डॉ. मराठे परदेशात दोन वर्षं शिकून आल्या होत्या. तिकडे त्या सुमारास एक नवी पद्धत निघाली होती. लठ्ठ मुलाला एकट्याला पथ्यावर ठेवायचं नाही. मूल स्वतः बाजार करत नाही, स्वयंपाक करत नाही, किती वाढायचं ते ठरवत नाही. हे सगळं करणारी माणसं बदलली तर मूल बदलतं. म्हणून मुलाबरोबर आईबापांनीही काट्यावर उभं राहायचं. मुलानं एक सवय सोडायची तर त्यांनीही आपली एक सोडायची. ‘खाऊ नको’ म्हणून ओरडायचं नाही. मोहाचे पदार्थ घरात दिसतील असे ठेवायचेच नाहीत. मुलानं काही चांगलं केलं तर लगेच तोंडावर कौतुक करायचं, पण बक्षीस म्हणून खाऊ द्यायचा नाही. आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, एकच अन्न.

ऐकायला सोपं वाटतं. कोल्हापुरात पहिल्याच महिन्यात अडचणी आल्या.

पहिली अडचण अशी की दवाखाना कशाचा आहे हेच लोकांना पटत नव्हतं. गावात ‘वजनाचा दवाखाना’ निघालाय अशी बोलवा झाली आणि वडणग्याची एक म्हातारी हडकुळ्या नातवाला घेऊन आली. तिला सांगितलं, “इथं वजन कमी करतात.” ती म्हणाली, “कमी? वजन कमी कराय दवाखाना कशाला लागतोय? सासरी धाडा की.” बाकावर बसलेल्या सगळ्या आया हसल्या. त्या शनिवारी तेवढंच हसणं झालं.

ज्या गावात तालमीच्या मातीतल्या पोराला घरचे म्हशीच्या कासेखाली बसवून दूध पाजतात, तिथं गुबगुबीत मूल म्हणजे घराची अब्रू. ‘अंगानं चांगला हाय’ हे वाक्य आमच्या प्रत्येक केसपेपरवर आईच्या तोंडचं म्हणून आलेलं आहे. मूल चालताना धापा टाकू लागलं, झोपेत घोरू लागलं, शाळेतून रडत येऊ लागलं, म्हणजे मग शनिवार आठवे.

दुसरी अडचण पदार्थांच्या वाटणीची होती. परदेशी पद्धतीत पदार्थांना रस्त्यावरच्या दिव्यांचे रंग दिलेले होते: हिरवे, पिवळे, तांबडे. आमच्या गावात दिवे मोजके आणि ते पाळणारे त्याहून मोजके. शिवाय तांबडा म्हटलं की इथं माणूस थांबत नाही, ताट पुढं करतो. म्हणून डॉक्टरांनी नावं बदलली. रोजचं, जपून आणि सणाचं. भाजी, ताक, उसळ, भाकरी रोजचं. भात, शेंगदाण्याची चटणी, दूध जपून. गोडधोड, तळण, शेव सणाचं. मंगळवार पेठेतल्या एका घरानं ही यादी भिंतीवर चिकटवली आणि मुलाचं वजन वाढलं. चौकशीला गेलो तर आजीनं पंचांग काढून दाखवलं. तिच्या हिशेबात सण नाही असा दिवस शोधावा लागत होता.

तिसरी अडचण कौतुकाची. आमच्याकडे बाप मुलाचं कौतुक करतो ते मूल घरात नसताना. कळंब्याच्या तुरुंगावर पहारेकरी असलेले एक गृहस्थ होते. त्यांना डॉक्टर म्हणाल्या, “मुलगा शाळेतून चालत आला की त्याला शाबास म्हणा.” ते म्हणाले, “तोंडावर? त्येच्या?” पुढच्या शनिवारी प्रगती विचारली तर म्हणाले, “म्हणालो.” “काय म्हणालात?” “मंडळीला म्हणालो. त्यो आईकत हुता.” डॉक्टरांनी ते ग्राह्य धरलं. त्या मुलाचं वजन पुढं खरोखर उतरलं, आणि बापाचं त्याहून जास्त.

ही उदाहरणं हसून सांगण्यासारखी आहेत म्हणून आधी सांगितली. ज्यासाठी हे लिहितो आहे ते उदाहरण गिरिजाचं.

गिरिजा दहा वर्षांची होती. घर शाहूपुरीत, गुळाच्या अडतीचं. म्हणजे शेतकऱ्यानं गुऱ्हाळातून आणलेला गूळ यांच्या दुकानात उतरायचा, तिथं त्याचा सौदा व्हायचा आणि व्यापारी तो उचलून न्यायचे. मंडळी मूळची गडहिंग्लजच्या पलीकडची. घरात आईला अव्वा आणि आजोबांना अज्जा म्हणत. अज्जांचं नाव शिवाप्पा; पण सगळा बाजारही त्यांना अज्जाच म्हणत असे. आजी वारलेल्या. वडील गुळाच्या गाड्यांबरोबर बहुतेक दिवस गुजरातकडे. आई महादेवी, बोलायला शांत, अंगानं किडकिडीत.

ती मुलीला घेऊन आली ती शाळेच्या बाईंनी पाठवलं म्हणून. कोल्हापुरात तीस किलोच्या गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. वर्गातल्या मुली गिरिजा आली की एका सुरात म्हणत, “रवा आला, बोली बोला!” एक जण लिलाव पुकारायची, बाकीच्या भाव लावायच्या. बाईंच्या म्हणण्यानुसार मुलगी रडत नव्हती. मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येणं तिनं बंद केलं होतं. डबा वर्गातच, एकटी खायची.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “हिला खायला कोण कोण देतं?”

आई म्हणाली, “घरात मी देतो ते येवडंच. बाकीचं अज्जा देत्यात.”

“मग अज्जांना घेऊन या. त्यांच्याशिवाय सुरू करता येणार नाही.”

अज्जा आले नाहीत. दोन शनिवार निरोप एकच, “मी काय आजारी हाय?” म्हणून मला त्यांच्या दुकानी पाठवण्यात आलं.

हंगामाचे दिवस होते. सकाळी सौदे चालू होते. दुकानापुढं रव्यांच्या रांगा, मधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढं सरकतोय, एक जण भाव पुकारतोय. अज्जा धोतर, काळा कोट आणि पिवळा फेटा घालून रांगेच्या कडेला उभे होते. शेजारी गिरिजा. तिची शाळा दुपारची होती. अज्जा प्रत्येक नव्या मालातला एक तुकडा तोडत, अर्धा आपल्या तोंडात टाकत, अर्धा तिला देत आणि विचारत, “काय म्हणतीस?”

ती थोडं थांबून सांगे. “चिकट हाय. चुना कमी पडलाय.” गूळ करताना उकळत्या रसात चुना घालतात. पुढच्या वेळी, “ह्यो बरा हाय.” एका शेतकऱ्याचा गूळ तोंडात टाकून ती म्हणाली, “खारट.”

शेतकरी उखडला. “ए पोरी, शिरोळचा गूळ हाय, मीठ न्हाय!”

अज्जा म्हणाले, “पावणं, रानात पानी साचतंय काय तुमच्या?”

शेतकरी मान खाली घालून आपला रवा चाचपू लागला. पाण्यानं फुगलेल्या रानातल्या उसाचा गूळ खारवट होतो, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. घोळक्यातला एक व्यापारी गिरिजाला म्हणाला, “बोला बाईसाब, घिऊ का नगो?” ती हसली. त्याआधी आणि त्यानंतर बरेच दिवस मी तिला हसताना पाहिलेलं नाही.

मी माझं काम सांगितलं. अज्जांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे माझ्या हातानं पोरगी आजारी पडली म्हना की.”

“तसं कुणी म्हणत नाही.”

“म्हनत न्हाईत, पर हाय तसंच न्हवं?”

पुढच्या शनिवारी ते आले. आले ते चपला बाहेर काढून, देवळात यावं तसे. काट्यावर उभे राहिले. डॉक्टरांनी पद्धत समजावून सांगितली. रोजचं, जपून, सणाचं. गूळ अर्थातच शेवटच्या रकान्यात. सकाळी बाजारात जाणं बंद. घरातला गूळ, काकवी, शेंगदाण्याचे लाडू दिसणार नाहीत असे ठेवायचे. डॉक्टरांचे शब्द मला नीट आठवतात, कारण पुढं त्यांच्यावरूनच सगळं झालं. त्या म्हणाल्या, “हिला ज्याचा मोह होतो ते हिच्या नजरेआड करा.”

अज्जा म्हणाले, “करतो.”

त्यानंतर गिरिजाचं वजन उतरू लागलं. दर शनिवारी काटा थोडा खाली. आमच्याकडे तोवर इतका सरळ उतरता आलेख कुणाचा आला नव्हता. वजन करायला बाह्यरुग्ण विभागातून येणाऱ्या नर्सबाई आकडा वाचून टाळ्या वाजवत. डॉक्टरांनी तो आलेख चौकटींच्या कागदावर स्वच्छ काढून घेतला. गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत या पद्धतीची माहिती द्यायची होती, तिथं तो दाखवायचा त्यांचा विचार होता. मुलगी काट्यावरून उतरून आईजवळ जाऊन उभी राही. विचारलं तर “बरं हाय” म्हणे. अज्जा पुन्हा आले नाहीत. आई सांगे, “कामात हाईत.” हंगाम होता, त्यामुळे ते खरं वाटलं.

पद्धतीप्रमाणे घरभेट जेवणाच्या वेळी करायची असे. त्याचा एक नियम होता, तो कोल्हापुरात पाळायला सगळ्यांत अवघड. भेटीला गेल्यावर तिथं काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. कुटुंब जेवताना बाजूला बसायचं आणि बघायचं. “चार घास खावा की पावणं” याला रोज नाही म्हणायचं. लोकांना तो अपमान वाटे. काही घरांत पाट मांडून, ताट वाढून ठेवलेलं असे आणि ते तसंच राही. मी राजारामपुरीत एका खोलीत राहत होतो. भेटी संपल्या की खानावळीत जेवायला जाई. उशीर झालेला असे, त्यामुळे नेहमीची मेजं पुसून उलटी ठेवलेली असत. माझ्यासाठी भिंतीकडे तोंड करून बसायचं एक बाकडं उरे. घरानं एकत्र बसून का जेवावं, हे मी दिवसा समजावून सांगत असे.

गिरिजाच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घर दुकानाच्या मागच्या बाजूला. स्वयंपाकघरात ती एकटी जेवत होती. पाट भिंतीकडे तोंड करून मांडलेला. ताटात भाकरी, मेथीची भाजी, ताक. यादीप्रमाणे सगळं बरोबर. आई मागं उभी होती. बाहेरच्या खोलीकडचं दार लावलेलं.

मी आईला विचारलं, “तुम्ही कधी जेवणार?”

“हिचं झालं, ही झोपली की.”

“आणि अज्जा?”

आई ताक वाढायला वाकली. गिरिजाच भिंतीकडे बघत म्हणाली, “अज्जा पथ्यावर हाईत.”

“कसलं पथ्य?”

“माझं.”

मला वाटलं, तिच्याबरोबर तेही पथ्य करतात असं तिला म्हणायचं आहे. आमची पद्धतच ती होती. म्हटलं, “तुझ्यासारखंच खातात का?”

“न्हाय वो. मला बघत न्हाईत. मी दिसलो की आत जात्यात.” मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, “त्येंचं पथ्य म्हंजे मी.”

बाहेरच्या खोलीत अज्जा कंदिलाशेजारी बसले होते. वीज होती, दिवा लावला नव्हता. मी विचारलं, मुलगी एकटी का जेवते.

ते म्हणाले, “डॉक्टरीणबाई म्हनाल्या, नजरंआड करा. केला.”

“गूळ ना?”

“गूळ तर पैल्याच दिशी केला. डबं, बरण्या, समदं हलवलं. पर माझ्या अंगाला वास येतोय त्येचं काय? जल्म गेला गुळात. आंगूळ केली, कापडं बदलली, तरी पोरगी जवळ आली की म्हनायची, अज्जा, आज कागलकडचा माल आलाय न्हवं? वासावरनं वळखायची. आनि तोंडाला पानी सुटायचं तिच्या, मला दिसायचं. मग म्हटलं, हितं मोह कशाचा हाय? माझाच. म्हनून मी सवताला नजरंआड केला.”

“आणि बाकीचे तिच्यासोबत का बसत नाहीत?”

“आमी भात खानार, आमटी खानार, आनि तिच्यापुढं नुस्ती भाकरी ठेवनार? आमच्या नरड्याखाली उतरंल व्हय?”

इथं चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती त्यांच्या एकट्याची नव्हती. आमच्याकडे पथ्य हे आजारी माणसाचं असतं. त्याचं ताट वेगळं, वेळ वेगळी, आणि त्याच्यासमोर बाकीच्यांनी चांगलंचुंगलं खाऊ नये, ही माया. घराला पथ्य असतं ही गोष्ट कुणी ऐकलेली नव्हती. आम्ही ती सांगितली होती, त्यांनी मान डोलावली होती, आणि घरी जाऊन त्यांना जी माया येत होती ती केली होती. शिवाय अज्जांनी आणखी एक गोष्ट केली होती. घरच्या देवावर हात ठेवून शपथ घेतली होती की पोरगी बारीक होईपर्यंत गुळाचा खडा जिभेला लावणार नाही. ते आता माल रंगावर, हातावर आणि फोडल्यावरच्या कण्यांवर पारखत. बाजारात त्यावर बोलणं सुरू झालं होतं.

ही गोष्ट मी डॉक्टरांना सोमवारी सांगितली. त्यांनी आलेखाचा कागद पुढ्यात घेतला आणि बघत राहिल्या. नंतर विचारलं, “ती रात्री किती खाते?”

“अर्धी भाकरी. उरलेली आईला परत देते. आई म्हणाली, भूकच न्हाय म्हनती.”

“म्हणजे हे पद्धतीनं उतरलेलं नाही.”

त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. डॉक्टरांच्या बैठकीत तो आलेख दाखवला गेला नाही.

शनिवारी तिघांनाही बोलावलं. अज्जा आले, पण मुलीपासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसले. डॉक्टर म्हणाल्या, “उद्यापासून हिला पुन्हा बाजारात न्यायचं.”

अज्जांनी स्टूल थोडं पुढं ओढलं. मग म्हणाले, “आनि गूळ?”

“चालत न्यायचं, चालत आणायचं. तिथं चव बघायची असेल तर बघायची आणि थुंकून चूळ भरायची.”

“थुकायचा? गूळ?” अज्जा उठून उभे राहिले. “बाई, लक्ष्मी हाय ती. त्येच्यावर घर उभं हाय. तोंडात घातलेला गूळ थुकला तर शेतकरी दारात माल उतरील व्हय?”

“मग ती खाणार किती?”

“त्ये मी कसं सांगू? सौदा हाय त्यो.”

दोघंही हटेनात. मी नोंद घेत होतो. तेव्हा गिरिजा बोलली. दवाखान्यात ती आपणहून बोलली ती पहिल्यांदाच.

“नखावर बसंल येवडा,” ती म्हणाली. “तेवड्यात कळतंय मला. पैल्यापास्नं कळतंय. अज्जाच मोठा तुकडा देत्यात.”

डॉक्टरांनी अज्जांकडे बघितलं. अज्जांनी मुलीकडे बघितलं. कित्येक आठवड्यांनी त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं असावं. म्हणाले, “मग आदी का बोलली न्हाईस?”

“तुमी दिलं की मी खाल्लं.”

डॉक्टरांनी त्यांच्या घरची यादी मागून घेतली. रोजचं, जपून, सणाचं या तीन रकान्यांच्या शेजारी चौथी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘कामाचं’. त्याखाली, ‘गूळ, नखावर बसेल एवढा’. परदेशी पद्धतीत असा रकाना नव्हता. मग त्या अज्जांना म्हणाल्या, “आणि तुम्ही तिच्याशेजारी बसून जेवायचं. तिच्या ताटात असेल तेच. हे औषध आहे असं समजा.”

“बसतो. पर गूळ न्हाय खानार. शपथ हाय.”

“कुणी सांगितली होती शपथ घ्यायला?”

“शपथ कुनी सांगाय लागतंय व्हय?”

“किती बारीक झाली की सुटते?”

अज्जांनी विचार केला. ते आकडा ठरवून बसले नव्हते. म्हणाले, “देवाला म्हाईत.” प्रत्येक गोष्ट किलोत मोजणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपरवर आकड्याची जागा कोरी ठेवली.

पुढचे काही आठवडे मी सकाळी बाजारावरून जाताना थांबत असे. घरापासून दुकान दोन पावलांवर. म्हणून अज्जांनी चालण्यासाठी रंकाळ्याचा फेरा ठरवला होता. तो करून दोघं घामाघूम होऊन येत. शपथेमुळं एक गोष्ट बदलली होती. आता अज्जा चाखत नव्हते. माल ते बघत, दाबत, फोडत, आणि चव फक्त गिरिजा सांगे. ते विचारत, “काय म्हणतीस?” आणि सगळा घोळका तिच्या तोंडाकडे बघत थांबे.

एक व्यापारी म्हणाला, “अज्जा, तुमची जीभ फ्रॉक घालून हिंडाय लागली की वो!”

अज्जा म्हणाले, “हिंडू दे. बसून बसून जड झालती.”

शाळेत चिडवणं थांबलं का? बाईंनी मला सांगितलं ते असं. मुली अजून ‘बोली बोला’ म्हणत. एकदा गिरिजानं वळून म्हटलं, “तुला भाव तर कळतोय का?” आणि तिनं त्या दिवशीचा खरा भाव सांगितला. मधल्या सुट्टीत ती बाहेर येऊ लागली. मैत्रीण एक झाली.

रात्रीच्या भेटीत पाहिलं ते इतकंच. पाट भिंतीकडून वळवून मधे घेतलेला. तीन ताटं, तिन्हींत भाकरी. अज्जांना दात कमी असल्यानं भाकरी ताकात कुस्करावी लागे. त्यांनी ती तक्रार न करता कुस्करली. माझ्याकडे बघून म्हणाले, “पावणं, तुमी बी पथ्यावरच की. तुमाला कुनाचं पथ्य?” मी नियम सांगितला. ते म्हणाले, “नेम कुनी केला त्यो जेवला न्हवता जनू.” त्या घरीही मी जेवलो नाही.

गिरिजाचा आलेख त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. वजन काही आठवडे उतरे, काही आठवडे थांबे, सणांनंतर चढे. वर्षअखेर ती पहिल्या दिवसापेक्षा हलकी होती, उंची वाढली होती, जिना चढताना धाप लागत नव्हती. पुस्तकी हिशेबात तिला लठ्ठच म्हणावं लागलं असतं. भूक लागते असं आई सांगत होती. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहिलं.

१९८६ साली डॉ. मराठे पतीच्या बदलीमुळं पुण्याला गेल्या. शनिवारचा दवाखाना चालवायला दुसरं कुणी पुढं आलं नाही. काटा बाह्यरुग्ण विभागात गेला. मला क्षयरोग विभागात घेतलं. तिथंही घरभेटी होत्या, आणि तिथल्या रुग्णांचं ताट तर घरोघरी वेगळंच असे. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. मी निवृत्त झालो तेव्हा शनिवारच्या दवाखान्यातलं एकही मूल कुठं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. दवाखाना बंद झाल्यावर चौकशी करण्याचं कारण उरत नाही, आणि कारण नसताना कुणाच्या घरी जेवणाच्या वेळी जाता येत नाही. खानावळ तीच आहे. आता मी लवकर जातो, त्यामुळे मधल्या मेजावर जागा मिळते.

महादेवी मला १९८८ साली भाजी मंडईत भेटली. तिनं ओळखलं, मला नाव आठवायला वेळ लागला. तिनं सांगितलं की अज्जा त्या वर्षीच्या हंगामात वारले. शेवटचे काही दिवस अंथरुणावर होते. पाणी चमच्यानं द्यावं लागे. गिरिजा तेव्हा नववीत होती. शाळा सुटली की त्यांच्याजवळ बसायची.

“शपथ?” मी विचारलं.

“पाळली की. पेढं आलं, लाडू आलं, श्रावणात पुरन केलं, कशाला हात लावला न्हाय. पोरगी म्हनायची, अज्जा, झालो की मी बारीक. त्ये म्हनायचं, बघू.”

शेवटच्या दिवशी सकाळी बाजारात नवा माल आला होता. गिरिजा दुकानात गेली आणि मुठीत काही तरी घेऊन परत आली. अज्जांच्या उशाशी बसली. महादेवी दारात उभी होती, तिनं हे पाहिलं. गिरिजा म्हणाली, “अज्जा, काय म्हनता?” आणि नखावर बसेल एवढा गूळ त्यांच्या ओठांशी धरला. अज्जांनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

गूळ त्यांनी गिळला का, हे महादेवीला सांगता आलं नाही. ते काही बोलले का, हेही नाही. दुपारी ते गेले.

माल बिद्रीकडच्या एका गुऱ्हाळातला होता. गिरिजानं तो आधी स्वतः चाखून पाहिला होता. खारट नव्हता.